एक तलाव, सात खाती

भंडारा जिल्ह्यातील बँकेच्या एका शाखेत शेती अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि विकास म्हणजे काय, हे मला पक्के ठाऊक होते. विकास म्हणजे उद्दिष्ट! वर्षाला अमुक इतके लाभार्थी. त्यांतल्या इतक्यांना म्हशी, इतक्यांना बैलजोड्या, इतक्यांना शिलाई यंत्रे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला होता. सरकार सबसिडी देई, बँक कर्ज देई. मार्च उजाडला की अर्जांचे गठ्ठे शाखेत येऊन पडत आणि रात्री अकरापर्यंत आमचे दिवे जळत.

१९८६च्या मार्चमधल्या अशाच एका गठ्ठ्यात चौदा अर्ज धिवरांचे होते. गावच्या जुन्या तलावात मासेमारी करायची. त्यासाठी जाळी, डोंगा आणि मत्स्यबीज हवे होते. मी तलाव पाहायला गेलो. पाळीवर आंबे आणि मोह, पाण्यात कमळे, पाळीखाली नजर पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या. प्रकरणे मी त्याच आठवड्यात मंजूर केली.

पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. श्रावणात एक जोराचा पाऊस झाला आणि सलंगाचा, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याचा, कोपरा फुटला. बरेचसे मासे नाल्याला लागले. पुढे सप्टेंबरनंतर पावसाने पाठ फिरवली. धान लोंबीवर येत होते, त्याला शेवटचे पाणी हवे होते. शेतकऱ्यांनी तुडुम उघडले. तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायची मोरी. यात त्यांची काहीच चूक नव्हती. त्या पाण्यावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता. पण तलावात इतका गाळ साचला होता, की तुडुमाच्या पातळीखाली पाणी उरलेच नाही. होळीच्या सुमाराला बोटाएवढे मासे चिखलात मरून पडले होते आणि माझ्या शाखेत चौदा खाती थकीत झाली होती.

वसुलीसाठी हिंडणे हे माझे कामच होते. मी हिंडलो, मात्र धिवरांच्या दारी जाण्याआधी कार्यालयांच्या दारी गेलो. तलावात गाळ का, सलंग दुरुस्त का होत नाही, एवढेच मला विचारायचे होते. तलावाची जमीन महसूल खात्याची. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत जमिनीवर गाळपेऱ्याची परवानगीही तेच देणार. पाळ, तुडुम आणि सलंग लघु पाटबंधारेवाल्यांचे. मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे. मासे धरणारी संस्था सहकार खात्याची. पाण्याचा येवा ज्या टेकडीवरून, ती वनखात्याची. पाणी जिथे जाते ते धान कृषी खात्याचे. गाळ काढायचा तर मजूर रोजगार हमीचे, आणि ती योजना मंत्रालयात नियोजन विभागाच्या अखत्यारीतली. मोजून सात खाती! सगळीकडे मला चहा मिळाला, सगळीकडे कागद दाखवण्यात आले, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

मराठीत ‘खाते’ हा शब्द मोठा मजेदार आहे. सरकारचे खाते आणि बँकेतले खाते, दोन्हींना एकच शब्द. (तिसरा अर्थ गावकरी आपणहून लावतात, तो इथे लिहीत नाही.) त्या गावी एक म्हातारा पाणकर भेटला. मालगुजाराच्या काळात कोणाच्या बांधीत किती पाणी जायचे, हे पाहण्याचे काम त्याच्या घराण्याकडे होते. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, “साहेब, तलाव तं एकच हाये जी. पहिले त्याचा मालक एक होता, आता सात झाले. अन् पाळ फुटली तं एकबी नाही.”

मामा तलावांची गोष्ट

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. इथे पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि धानाला तर पाणी वेळच्या वेळी लागते. म्हणून कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी काही शतकांपूर्वी उतार पाहून पाळी घातल्या, एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात जाईल अशी मांडणी केली. मोठे ते तलाव, लहान त्या बोड्या. नवेगाव बांधचा जलाशय याच परंपरेतला; १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि तो गोंदियाकडे गेला.

इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे समजले गेले. कोणाला किती पाणी, ही गावची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदवली गेली. पुढे मध्य प्रदेश सरकारने १९५०च्या कायद्याने मालगुजारी रद्द केली आणि हे हक्क सरकारजमा झाले. ती तारीखही ३१ मार्च, साल १९५१! त्यानंतर १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. दहा वर्षांत तलावाने तीन राज्ये पाहिली. सरकारी कागदांत त्याचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांनी आद्याक्षरे घेऊन त्याला ‘मामा तलाव’ केले. मामाच्या घरी भाच्यांचा हक्क असतोच; पण या मामाचे घर शाकारायचे कोणी, हे कागदात लिहायचे राहून गेले.

मालगुजारीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. पाळीवर माती पडायची ती कित्येकदा वेठीने. पाण्याची शेवटची पाळी कोणाच्या बांधीला यायची, हे जातीवरून सांगता यायचे. धिवराला तर तलावात उतरायचे म्हणजे मालकाची मर्जी राखावी लागे. ती मर्जी जाऊन तिच्या जागी अर्ज आला, नियम आला, अपील आले, ही लहान गोष्ट नव्हे. माझेही सारे आयुष्य नियमाच्या भाकरीवर गेले आहे. पण मालगुजार गेला तेव्हा त्याच्याबरोबर एक प्रश्नही गेला. तो जुलमी असो वा भला, ‘यंदा माझ्या तलावाचे काय?’ हा प्रश्न त्याला दर उन्हाळ्यात पडायचा. तो आज कोणाला पडतो?

आराखडा कोणाचा?

हा प्रश्न जिल्ह्यातच कोणाला तरी पडावा, अशी व्यवस्था महाराष्ट्राने करून पाहिली, हेही सांगायला हवे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली विकास गटाला महत्त्व दिले होते. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव पुढे त्यांच्याकडे आले, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे राहिले. १९७४ साली जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर जिल्हा नियोजन समिती थेट राज्यघटनेत नेऊन बसवली आणि महाराष्ट्राने १९९८ साली तिचा कायदा केला. समितीचे निदान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत, असे घटना सांगते. आराखडा करताना काय ध्यानात घ्यावे, हेही सांगते. आणि त्यात पाण्याची व इतर नैसर्गिक संपत्तीची वाटणी स्पष्ट शब्दांत आहे. पाणकराचे काम राज्यघटनेत आले, असे म्हणायला हरकत नाही!

प्रत्यक्षात काय होते? पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. मंत्रालयातून जिल्ह्याची कमाल मर्यादा ठरून येते. मग ती रक्कम सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी घटक अशा कप्प्यांत आणि त्याखाली लेखाशीर्षांत पडते. प्रत्येक खाते आपली मागणी मांडते. सदस्य आपापल्या भागातले रस्ते, शाळाखोल्या, समाजमंदिरे यांची नावे देतात. त्यातले एकही काम नको असते, असे नाही. पण वाटप म्हणजे नियोजन नव्हे. घरात महिन्याचा पगार आल्यावर किराणा, दूध, शाळेची फी यांची पाकिटे करावीत आणि गळक्या छपराचे पाकीटच नसावे, तशी ही गत.

त्यात वर्षांचा घोळ. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपायचे, सहकारी संस्थांचे ३० जूनला, आणि बँकांचे १९८८पर्यंत ३१ डिसेंबरला. धानाच्या शेतकऱ्याचे वर्ष अक्षय तृतीयेला सुरू होते. तलावाचे वर्ष याहून निराळे : गाळ काढायला तो एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा एवढाच वेळ देतो. पैसा सुटायचा मार्चमध्ये, तेव्हा तलावात अजून पाणी असायचे. जिल्हा परिषदेला निधी खर्चायला पुढचे वर्षही मिळते खरे; पण निविदा, मान्यता यांत तो उन्हाळाही हातचा जातो.

मोठ्या धरणाचे असे होत नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द झाले. १९८३ साली ३७२ कोटींचा अंदाज होता, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि खर्च पुढे अठरा हजार कोटींवर गेला. त्याचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय. मला एवढेच म्हणायचे आहे, की गोसेखुर्दला अंदाजपत्रकात नाव आहे. त्याच्या दिरंगाईबद्दल विधानसभेत विचारता येते. एका तलावाला नाव नाही, म्हणून त्याच्या दिरंगाईलाही नाव नाही.

माझी एक ओळ

आता माझ्या वाट्याचे सांगतो. १९८७च्या उन्हाळ्यात तालुका पातळीवर बँका आणि खात्यांची बैठक झाली. सातांपैकी बहुतेक खात्यांची माणसे त्या खोलीत होती. इतक्या खुर्च्या एका जागी पुन्हा मिळणार नव्हत्या. विषयपत्रिकेवर होते : उद्दिष्टपूर्तीचा आढावा. आमच्या शाखेची उद्दिष्टपूर्ती शंभर टक्क्यांवर होती. चौदा धिवर कुटुंबे त्यात ‘लाभार्थी’ म्हणून मोजली होती. थकबाकीच्या तक्त्यात तीच चौदा ‘थकबाकीदार’ होती. दोन्ही तक्ते मीच केले होते. मी उठून तलावाची गोष्ट सांगायला हवी होती. सांगितली नाही. नवा होतो, बदलीची भीती होती, आणि विषयपत्रिकेत विषय नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात मी एक ओळ लिहिली : ‘वसुलीचे प्रयत्न चालू आहेत.’

पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली पात्रे खोटी होती, तरी ती कशी वागतील याची मी काळजी केली. ही ओळ मात्र मी खऱ्या माणसांबद्दल लिहिली होती आणि ती खोटी होती.

१९९०च्या कर्जमाफीत त्या चौदांपैकी बरीचशी खाती निल झाली. वर्तमानपत्रांत कर्जमाफीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहून आले. बँकेचे पुस्तक स्वच्छ झाले. तलावातला गाळ मात्र कोणाच्याच पुस्तकात नव्हता. तो तसाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावी पुन्हा गेलो. पाणकर कधीच गेला. तलावाच्या कडेने बेशरम माजली आहे. गाळ काढण्याची योजना येऊन गेली होती. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ २०१७ साली सुरू झाल्यापासून असे काम पुष्कळ ठिकाणी झाले, आणि गाळ शेतात नेण्याची कल्पना चांगलीच आहे. इथे मात्र यंत्र जिथवर पोहोचले तिथे, रस्त्याच्या बाजूला, एक खोल खड्डा झाला होता. तुडुम तसेच बुजलेले. ते दुसऱ्या लेखाशीर्षातले काम. खड्ड्यातले पाणी तुडुमाच्या पातळीखाली, म्हणून धानाला त्याचा उपयोग शून्य. शेतकरी वैतागलेले. पण त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टिकते आणि मासे जगतात, म्हणून धिवर खूश! चौदांपैकी एकाचा मुलगा मला हे हसत हसत सांगत होता. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाला जे हवे होते, ते त्याला मिळाले. योजनेमुळे नव्हे, योजना अर्धवट राहिल्यामुळे.

यावर खाती मोडा, असा उपाय मी सुचवणार नाही. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा १९८०च्या सुमारास आली आणि २०२२ साली जिल्हा परिषदेत विलीन झाली. पाट्या बदलण्याचे काम आपण नेहमीच हौसेने करतो. मला हवे ते लहान आहे. दर तलावाची एक वही असावी. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आधी, पाळीवर, शेतकरी, धिवर आणि सात खात्यांची माणसे यांनी एकत्र बसावे. गाळ कुठून आणि किती काढायचा, तुडुम कधी उघडायचे, माशांसाठी तळाशी किती पाणी राखायचे, हे ठरवून सगळ्यांनी त्या वहीत सही करावी, आणि जिल्ह्याच्या आराखड्यात लेखाशीर्षाआधी तलावाचे नाव यावे. हे स्वप्नरंजन नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने धिवरांना सोबत घेऊन बेशरम काढली, पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. तलावाकडे एक तलाव म्हणून पाहिले की काय होते, हे याच मुलखात दिसले आहे. पाण्याच्या वाटणीचा अधिकार घटनेने दिलेलाच आहे, कायदा आहे, समिती आहे.

त्या मुलाने निघताना मला विचारले, “साहेब, तुम्ही बँकेत होते ना जी? मंग हे कोणाला सांगाचं?” एकतीस मार्चच्या कितीतरी रात्री जागलेला मी, मला उत्तर देता आले नाही. बैठकीत पहिला विषय नेहमी मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. १९८७च्या त्या बैठकीच्या इतिवृत्तात एक विषय नोंदवायचा राहिला होता. तो आज नोंदवतो आहे.