कानात इम्प्लांट आहे? एमआरआयआधी कार्ड दाखवा

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास, कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन इथली अली यावर जंग संस्था हे काम पाहते. ऑपरेशन होते, मूल ऐकू-बोलू लागते. पण पुढे कधी ते डोक्यावर पडले, फिट आली आणि डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर काय करायचे? करंजा असो की पनवेल, इम्प्लांट असलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक हवे.

इम्प्लांटचे दोन भाग असतात. बाहेरचे मशीन कानामागे लावतात, ते काढता येते. आतला भाग कातडीखाली बसवलेला असतो आणि त्यात छोटे लोहचुंबक असते. एमआरआयचे यंत्र म्हणजे प्रचंड मोठे चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. तपासणी चालू नसली, तरी हे चुंबक चालूच असते.

ही ताकद मुंबईने पाहिली आहे. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्राने त्याला सिलिंडरसकट खेचले आणि त्याचा जीव गेला.

इम्प्लांटचे चुंबक तर शरीराच्या आत असते. ते जागेवरून सरकू शकते, खूप दुखू शकते, इम्प्लांट बिघडू शकते. म्हणून इम्प्लांट कधीही लपवू नका. पण घाबरून तपासणीच नाकारू नका. त्यातही आजार अंगावर राहतो.

एमआरआय होईल की नाही, हे इम्प्लांटच्या मॉडेलवर ठरते. अलीकडच्या काही मॉडेलांत चुंबक आतल्या आत फिरते. त्यांना दीड आणि तीन टेस्लाचे यंत्रही चालते. काहींना डोक्याला घट्ट पट्टी बांधून तपासतात. काहींचे चुंबक आधी छोट्या ऑपरेशनने काढावे लागते. काही जुन्या मॉडेलांना एमआरआय चालतच नाही. दीड टेस्लाची परवानगी म्हणजे तीनची परवानगी नव्हे.

म्हणून हे करा :

• ऑपरेशननंतर मिळालेले इम्प्लांट कार्ड जातीच्या दाखल्याइतकेच जपा. कंपनी, मॉडेल व नंबर त्यावर असतो. मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मूल मोठे झाले की त्यालाही समजावून सांगा.

• कार्ड हरवले असेल, तर जिथे ऑपरेशन झाले तिथून माहिती लेखी मागा.

• तारीख घेतानाच कार्ड दाखवा आणि विचारा : "हे मॉडेल तुमच्या यंत्रात चालते का? किती टेस्लाचे आहे?" रेडिओलॉजिस्टने कानाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, असा आग्रह धरा.

• सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीने काम भागेल का, हेही विचारा. त्यांत चुंबक नसते.

• खोलीत जाण्याआधी बाहेरचे मशीन काढून घरच्यांकडे द्या. साधे श्रवणयंत्र असेल, तर तेही काढा.

मशीन काढले की रुग्णाला आतल्या सूचना ऐकू येत नाहीत. म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा. हातात दिलेला रबरी फुगा दुखले तर लगेच दाबायचा, हे नीट शिकवा. डोक्याच्या फोटोत इम्प्लांटभोवती काळी सावली येते. ती गाठ समजून घाबरू नका.

गर्दीत प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांना दवाखान्यात अडथळ्याविना सेवा आणि तपासणी-उपचारात प्राधान्य दिले आहे. समजल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करू नका. विचारणे हा आपला हक्क आहे.

जयभीम!