शेंग तिची तिला उचलू दे

गुरुवारी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा आठवडी बाजार, त्यामुळे शुक्रवारी घरोघरी निवडायला भाजी भरपूर. ओळखीच्या एका घरी गेले तेव्हा आजी गवार मोडत बसल्या होत्या आणि चौदा महिन्यांची नात ढिगातली एकेक शेंग उचलून तांब्यात टाकत होती. शेंग चिमटीत धरायची, तांब्याच्या तोंडाशी न्यायची, नेम धरून सोडायची. एक शेंग आडवी झाली, काठावर अडकली आणि खाली पडली. पोरीने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "पडली? शेंग पडली?" आणि गप्प राहिल्या. सूनबाई शेंग उचलून द्यायला वाकल्या, तर आजींनी त्यांना अडवलं, "अगं, थांब जरा. तिचं तिला करू दे."

पोरीने बराच वेळ घेतला. मग शेंग उभी धरली आणि आत सोडली.

अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी वर्षाच्या आसपास जमायला लागते. त्याआधी मूल वस्तू मुठीनेच ओरबाडतं. पण शेंग उभी धरायची, हे कोणी शिकवून येत नाही. मुलाची नजर आपल्याकडे वळली की दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा त्याची पाळी येऊ द्यायची, एवढंच मोठ्यांचं काम. ते भलतंच अवघड आहे, कारण आपल्याला स्वयंपाकाची घाई असते. शेंगदाणे, फुटाणे मात्र या खेळात नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात.

महागडी खेळणी लागत नाहीत, हे याच जिल्ह्यात आणि यवतमाळमध्ये आधी राबवलेल्या 'आरंभ' उपक्रमाने अंगणवाड्यांतून दाखवलं. एकात्मिक बालविकास योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम. त्याच्या पालक मेळाव्यांत घरातल्याच वस्तू मांडून सेविका आईबापांना मुलांशी खेळायला बसवतात. बापांनाही, हे विशेष.

या घरात एक वॉकरही होता, कोणीतरी हौसेने दिलेला. त्यात मूल बसतं आणि पायाच्या बोटांनी ढकलत सुटतं. तोल सांभाळायची वेळच येत नाही. शिवाय अपघात होतात, म्हणून कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्याला धरून मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. उतारावर मात्र तोही पळतो, तेव्हा सोबत मोठं माणूस हवंच.

सूनबाईंची खरी काळजी वेगळीच. शेजारचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला, ही अजून भिंत धरून! जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली. त्यांच्यात कोणी आठव्या महिन्यानंतर लगेच एकटं चालू लागलं, कोणी जवळजवळ अठराव्या महिन्यात. म्हणजे ही पोर निवांत बसतेय त्यात.

अठरा महिने उलटूनही मूल चाललं नाही, वर्षाचं होऊनही हाकेला वळून पाहिलं नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं, तर मात्र वाट पाहू नये. अंगणवाडीतल्या वजनाच्या दिवशी सेविकेला सांगावं आणि डॉक्टरांना दाखवावं. "आमचा पण उशिराच बोलला" हे शेजारणीचं मत तिथे उपयोगाचं नाही.