ड्रायव्हर म्हणाला, ‘ही गाडी मी पुढं नेणार नाही’, तर?

१७ जून २०२४. त्या दिवशी बकरी ईद होती. उत्तर बंगालमध्ये न्यू जलपाईगुडीपासून थोड्या अंतरावर रेल्वेलाईनच्या कडेला निर्मलजोत नावाचं छोटं गाव आहे. वस्ती बहुतेक मुसलमानांची. सकाळी नऊच्या सुमाराला गावात ईदची गडबड चालू असताना रुळांच्या बाजूनं मोठा आवाज आला. कांचनजंगा एक्स्प्रेसला एका मालगाडीनं मागून धडक दिली होती. गावातली माणसं ईद बाजूला ठेवून धावली आणि सरकारी पथकं पोहोचण्याआधीच डब्यांतून जखमींना बाहेर काढू लागली. ती बातमी आणि ते फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाईलवर पाहिले असतील.

पण या अपघाताची आणखी एक बाजू आहे, जी फारशी कुणी सांगितली नाही. ती आहे मालगाडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे आता ज्याला लोको पायलट म्हणतात त्याची. तो जागीच मेला. कांचनजंगाचा गार्डही गेला. एकूण १० जणांचा जीव गेला. आणि त्याच दिवशी, चौकशी सुरू व्हायच्या आधी, रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आलं की मालगाडीच्या ड्रायव्हरनं सिग्नल पाळला नाही असं प्रथमदर्शनी दिसतंय. मेलेला ड्रायव्हर आणि जखमी असिस्टंट, दोघांवर गुन्हाही नोंदवला गेला. ज्या प्रवासी बाईंच्या नावानं ती तक्रार होती, त्यांनी नंतर सांगितलं की मी अशी तक्रार केलेलीच नाही.

आता सकाळी काय झालं होतं ते बघा.

रंगापाणी आणि छत्तरहाट या दोन स्टेशनांच्या मधे ऑटोमॅटिक सिग्नल आहेत. त्यांचं काम साधं असतं. गाडी पुढं गेली की तिच्या मागचा सिग्नल आपोआप लाल होतो, ती आणखी लांब गेली की पिवळा, मग हिरवा. मागच्या ड्रायव्हरला कळतं की पुढं किती जागा मोकळी आहे. त्या दिवशी पहाटे ५.५० पासून ही यंत्रणा बंद पडली होती. गाडी असो नसो, सिग्नल लालच. अशा वेळी स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक छापील कागद देतो, त्याला टी/ए ९१२ म्हणतात. अर्थ असा, की अमुक अमुक सिग्नल खराब आहेत, ते लाल असले तरी तू पुढं जा.

म्हणजे ज्या लाल दिव्यावर थांबायला ड्रायव्हरला आयुष्यभर शिकवलं, तोच दिवा ओलांडायचा लेखी हुकूम. पण किती वेगानं? त्या कागदावर वेगाचा उल्लेखच नव्हता. नियम असा सांगितला गेला की प्रत्येक लाल सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट थांबायचं आणि मग ताशी १५ किलोमीटरनं पुढं सरकायचं. सिग्नल बराच वेळ बंद राहणार असतील तर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी सोडायची, असाही नियम आहे, त्याचा कागद वेगळा असतो. तो त्या दिवशी वापरला गेला नाही.

रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतं. त्यामुळं त्यांच्या अहवालाला वजन असतं. त्या अहवालात जे आलं ते वाचून माणूस गप्प होतो. त्या सकाळी कांचनजंगा आणि मालगाडी सोडून आणखी पाच गाड्या हाच कागद घेऊन त्या टप्प्यात गेल्या होत्या. १५ चा वेग आणि एक मिनिट थांबणं, हे फक्त एकाच ड्रायव्हरनं पाळलं. कांचनजंगाच्या. आणि मागून धडक बसली ती त्याच्याच गाडीला.

सहा ड्रायव्हर एकाच सकाळी एकच चूक करतात, तेव्हा ती सहा माणसांची बेफिकिरी नसते. त्यांना नियम नीट शिकवलाच नव्हता. आयुक्तांनीही अपघाताचा ठपका एकट्या ड्रायव्हरवर न ठेवता प्रशिक्षण आणि कारभारातल्या अनेक पातळ्यांवरच्या चुकांवर ठेवला. ड्रायव्हर आणि गार्डकडे वॉकीटॉकीसारखी साधी साधनंही नव्हती, हेही त्यात नोंदवलंय. वंदे भारतच्या काळात वॉकीटॉकी नाही!

मग साधा माणूस विचारतो, की सिग्नल बंद, कागद अर्धवट, हातात वॉकीटॉकी नाही, तर त्या ड्रायव्हरनं सरळ ‘नाही’ का म्हटलं नाही? यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत मी गाडी हलवणार नाही, असं म्हणता येत नाही का?

आपल्याकडचा कायदा बघितला तर उत्तर अवघड आहे. रेल्वे अधिनियम १९८९ मधलं कलम १७३ म्हणतं की गाडी चालवण्याची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय मधेच काम सोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कलम १७५ म्हणतं की नियम मोडून किंवा निष्काळजीपणानं प्रवाशांचा जीव धोक्यात घातला तरी दोन वर्षांपर्यंत कैद. ड्रायव्हर या दोन कलमांच्या मधे उभा असतो. गाडी नेली आणि काही झालं तर १७५, नेली नाही तर १७३ नाही तर खात्याची चौकशी. ब्रेकचं वैध प्रमाणपत्र नसेल तर गाडी न काढण्याचा अधिकार नियमातच आहे, इंजिनातला बिघाड वहीत लिहून देण्याची सोयही आहे. पण सिग्नल वारंवार बंद पडतात, वॉकीटॉकी मिळत नाही, कागदावर वेग लिहिलेला नसतो, अशा गोष्टींसाठी ‘थांबतो’ म्हणायची स्पष्ट वाट नाही. नवीन कामगार संहितेत कर्मचाऱ्याला गंभीर धोका वाटला तर तो मालकाला आणि निरीक्षकाला कळवू शकतो असं लिहिलंय. कळवू शकतो, एवढंच. काम थांबवू शकतो असं नाही.

कळवून काय होतं, याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. ८ फेब्रुवारी २०२३ ला कर्नाटकात होसदुर्गा रोड स्टेशनजवळ संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरच्या नजरेला पडलं की पुढचे सांधे चुकीच्या लाईनकडे वळलेत. त्यानं गाडी थांबवली, म्हणून शेकडो माणसं वाचली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं पत्र लिहिलं की सिग्नल यंत्रणेत गंभीर दोष आहेत, दुरुस्त केले नाहीत तर मोठे अपघात होतील. चार महिने झाले नाहीत तोच २ जूनला ओडिशात बालासोर झालं. सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या फेरफारातल्या चुका, आणि २९० हून अधिक मृत्यू.

फ्रान्समध्ये मात्र कायद्यातच वेगळी वाट ठेवलीय. तिथं १९८२ पासून ‘माघार घेण्याचा हक्क’ आहे. कामगाराला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं वाटायला रास्त कारण असेल, किंवा संरक्षणाच्या साधनात बिघाड दिसला, तर त्यानं मालकाला कळवायचं आणि कामावरून बाजूला व्हायचं. त्याबद्दल शिक्षा नाही, पगार कापायचा नाही. साधनातला बिघाड हा शब्द तिथं कायद्यातच आहे, हे महत्त्वाचं.

हा हक्क रेल्वेवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. १६ तारखेला आर्देन भागात एका फाटकावर प्रवासी गाडी अवजड सामान नेणाऱ्या वाहनावर आदळली. ११ जण जखमी. गाडीत रेल्वेचा माणूस एकच, ड्रायव्हर. गार्ड नव्हताच, खर्च वाचवायचा म्हणून. धडकेत धोक्याचा इशारा पाठवणारी यंत्रणा निकामी झाली. ड्रायव्हर पायाला जखम झालेली असताना रुळांवरून चालत गेला, समोरून येणारी दुसरी गाडी थांबवायला. प्रवाशांजवळ रेल्वेचं कुणीच उरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून देशभरातल्या ड्रायव्हरांनी सांगितलं, एकट्या माणसावर चालणाऱ्या अशा गाड्या आम्ही नेणार नाही.

सुट्ट्यांचा मोसम होता. स्टेशनं प्रवाशांनी भरली, लोक चिडले. पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी हा हक्काचा गैरवापर आहे, नोटीस न देता केलेला संप आहे, असा आरोप केला. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. अपघात एका भागात झाला आणि गाड्या देशभर थांबल्या, तर ‘तातडीचा धोका’ नेमका कुठं संपतो हा प्रश्न येतोच. पण ड्रायव्हर म्हणत होते की तशीच गाडी, तसाच एकटा माणूस, तीच यंत्रणा सगळीकडे आहे. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं.

नकाराचा त्रास प्रवाशालाच होतो, हे मुंबईकराला कुणी सांगायची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी सीएसएमटीला अचानक काम बंद झालं. कारण होतं मुंब्र्याच्या वळणावर ९ जूनला लोकलमधून माणसं पडून जे जीव गेले, त्यात रेल्वेच्या इंजिनिअरांवर दाखल झालेला गुन्हा. लोक वैतागून रुळांवरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलखाली येऊन माणसं दगावली. मुंब्रा, कळवा, दिवा इथून रोज लटकत जाणारी माणसं आपलीच आहेत. त्यांनी या आंदोलनाला शिव्या घातल्या तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण हे आंदोलन गाडीतल्या बिघाडासाठी नव्हतं, गुन्हा मागं घ्या म्हणून होतं. दोन्ही गोष्टींची गल्लत केली की खऱ्या धोक्यासाठी थांबणाराही ‘अडवणूक करणारा’ ठरतो.

आणि थांबण्याची वाटच नसली, की काय होतं ते ग्रीसनं बघितलंय. अथेन्स ते थेस्सालोनिकी ही त्यांची मुख्य लाईन. तिच्यावरची सिग्नल आणि दूरनियंत्रणाची यंत्रणा नीट करण्याचं काम २०१४ मध्ये ठेक्यानं दिलं, २०१६ पर्यंत व्हायला हवं होतं. २०२३ उजाडलं तरी अपुरंच. अनेक ठिकाणी दिवे कायम लाल, म्हणून ड्रायव्हर आणि स्टेशनमास्तर रेडिओवर बोलून गाड्या हलवत. रंगापाणीत जे एका सकाळी झालं, ते तिथं वर्षानुवर्षं रोजचं होतं. संघटनांनी ओरडून सांगितलं, ७ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर इशारा दिला की अपघाताची वाट बघू नका. वाहतूकमंत्री कोस्तास करामानलिस संसदेत उलट विरोधकांवरच चिडले, रेल्वेच्या सुरक्षेवर शंका घेता म्हणून. त्यानंतर जेमतेम आठवड्यानं, २८ फेब्रुवारीच्या रात्री, तेम्पीजवळ प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकल्या. लारिसाच्या स्टेशनमास्तरनं सांधे चुकीचे ठेवले होते. दोन्ही गाड्या सुमारे १२ मिनिटं एकाच रुळावर एकमेकींकडे धावत होत्या आणि हे दाखवणारी एकही यंत्रणा चालू नव्हती. ५७ मृत्यू, त्यात सुट्टीवरून परतणारे कॉलेजचे विद्यार्थी बरेच.

सरकार पहिल्या दिवशी म्हणालं, माणसाची चूक. मंत्र्यांनी राजीनामा दिला, स्टेशनमास्तरला अटक झाली. मग रेल्वे कामगारांनी संप केला आणि तो आठवडे चालला. या वेळी लोक त्यांच्यावर चिडले नाहीत, हजारो लोक रस्त्यावर उतरले. पंतप्रधान मित्सोताकिस यांना काही दिवसांत माफी मागावी लागली आणि सगळं माणसाच्या चुकीमागं लपवता येणार नाही, असं कबूल करावं लागलं.

आपल्याकडं हा हक्क आणायचा तर त्याला लगाम हवेतच. कॅनडात ते लिहून ठेवलेत. नकार दिल्यानं दुसऱ्याच्या जिवाला थेट धोका होत असेल तर नकार देता येत नाही, म्हणजे भरली गाडी पुलावर सोडून उतरता येणार नाही. नकार दिला की मालकानं ताबडतोब, त्या कामगाराच्या समोर तपासणी करायची. आणि तेच काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर त्याला आधी सांगायचं, की तुझ्याआधीच्या माणसानं हे नाकारलंय आणि या कारणासाठी नाकारलंय.

ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिला पैसा लागत नाही. कवच यंत्रणा देशभर बसायला वर्षं जातील. कागदावर वेग लिहायला, वॉकीटॉकी द्यायला आणि आधीच्या ड्रायव्हरनं काय आक्षेप घेतला होता हे पुढच्याला सांगायला तेवढी वाट बघायची गरज नाही. रंगापाणीच्या स्टेशनात त्या सकाळी ड्रायव्हर एकामागून एक तोच कागद घेत गेले. त्यातल्या एकानं जरी विचारलं असतं की यावर वेग का लिहिलेला नाही, तरी तो प्रश्न मागून येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचवायची सोय कुणीच केलेली नव्हती.