गाडी तापते, पण कधी तापते?

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून तापलेल्या इंजिनाचा दोष उन्हावर ढकलला जातो. हे पटण्यासारखे नाही. कूलिंग व्यवस्था धड असेल तर इंजिन याच उन्हात ९० अंशांच्या आसपास टिकते. खरा पुरावा तापमानाचा काटा कधी चढतो यात असतो. गर्दीत उभ्या गाडीचा काटा चढला आणि अंबाजोगाईच्या रस्त्याला वेग घेताच उतरला, तर आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले पाहावा. वेगात किंवा चढावर काटा चढला, तर रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप कमजोर असण्याची शक्यता जास्त. गळती दिसत नसूनही पाणी कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

रेडिएटरमध्ये कूलंटच भरावा म्हटले की, साधे पाणी त्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेते असा आक्षेप येतो; तो खरा आहे. पण बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, गंज धरतो आणि तो थरच उष्णता अडवतो. थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नव्हे. त्याने इंजिन हवे तेवढे तापत नाही, इंधन जास्त खाते आणि मूळ बिघाड झाकला जातो. वाटेत नाइलाजाने बोअरचे पाणी घातलेच, तर नंतर रेडिएटर फ्लश करून डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला कूलंट भरावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका.