पडणारी काजळी आणि न पडणारी

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे एक गाऱ्हाणं हमखास येतं. "अजी साहेब, वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके पडले, अन् वेचणीचा कापूसही काळवंडला!" सभासद बंधूंचं म्हणणं खोटं नाही. वर्धा जिल्ह्यात कपाशीची वेचणी आणि उसाची तोड एकाच हंगामात येते. पांढऱ्या सोन्यावर काजळी कोणाला खपेल? पण पडली ती काजळी निदान दिसली तरी. न पडणारीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे चार शब्द.

आजीबाई दिव्यावर भांडं उपडं धरून काजळ पाडीत, ते आठवा. ज्योतीतले कण जन्मतात तेव्हा डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक असतात. हवेचे रेणू त्यांना चहूकडून ढोसतात, ते सैरावैरा पळतात, एकमेकांवर आदळतात आणि आदळले की चिकटतात. त्यांच्या साखळ्या होतात, मग झुपके. तीच काजळी. पोलंडचे शास्त्रज्ञ स्मोलुकोव्हस्की यांनी १९१६-१७ च्या सुमारास याचं गणित मांडलं.

गंमत अशी, की कणांची दाटी दुप्पट झाली तर टकरी चौपट होतात. एक घन सेंटिमीटर हवेत दहा लाख कण असतील, तर सुमारे अर्ध्या तासात ते जुळून निम्मे होतात. दहा हजारच असतील, तर दोन दिवसांहून जास्त लागतात! म्हणजे धूर एकदा पांगला की कणांचं गोळा होणं जवळजवळ थांबलंच. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण तासाभरात वीतभरही खाली येत नाही. तो वाऱ्यावर पुढच्या गावी जातो, नाहीतर श्वासाबरोबर छातीत.

म्हणून कण पांगण्याआधीच धरावे लागतात. बॉयलरच्या धुरावर पाण्याचे फवारे मारतात ते त्यासाठीच; राख थेंबांना धडकून पाण्यासोबत खाली येते. मोठी राख बरी सापडते. अगदी बारीक कण मात्र हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतात, हे आम्ही लपवत नाही.

पण फडात पाचट पेटवलं, तर तिथे ना धुराडं ना फवारा. थंडीच्या पहाटे हवा वर चढत नाही, धूर गावातच कोंडतो, आणि ओसरीवरचा दमेकरी म्हातारा रात्रभर खोकतो. तेच पाचट खोडव्याच्या सरीत कुजवलं तर ओल टिकते. बरेच सभासद तसं करतातही.

यापुढे तक्रार देताना वार, वेळ आणि वाऱ्याची दिशा जरूर लिहावी. धूर धुराड्याचा की फडाचा, हे त्यावरून ताडता येतं.