२२ हजारांतलं एक पॅकेट

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरींतून निघणारा डेटा देशोदेशीच्या संगणक केंद्रांना वाटून दिला जातो. तिथल्या सीएमएस प्रयोगाच्या डेटासाठी असं एक केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आहे. इतक्या लांबच्या वाटेवर डेटा रेंगाळू लागला, की दोष डिस्कचा, प्रोग्रामचा की नेटवर्कचा, हे ठरवता येत नाही. त्यासाठी केंद्राकेंद्रांत पर्फसोनार ही खुली, मोफत प्रणाली नेटवर्क मोजणारा एजंट म्हणून बसवतात. त्यातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं साधन म्हणजे ओवॅम्प. ते दर सेकंदाला दहा चिमुकली पॅकेटं पलीकडच्या केंद्राकडे धाडतं, प्रत्येकावर सुटण्याची वेळ नोंदवतं आणि किती पोचली, किती उशिरा पोचली, हे अखंड मोजत राहतं.

एवढा चिवटपणा कशाला? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या नेटवर्कचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं उदाहरण पाहा. एका राउटरचं १० गिगाबिटचं लाइन कार्ड २२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट गाळत होतं, आणि राउटरच्या स्वतःच्या नोंदींत मात्र त्रुटीचा मागमूस नव्हता. ओवॅम्प तासाला ३६,००० पॅकेटं पाठवतं. म्हणजे अशा बिघाडात तासाभरात जेमतेम एक-दोन हरवणार. मिनिटभर पिंग करून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. कुणी म्हणेल, डेटा पोचवणारं टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतंच, मग बिघडलं कुठे? बिघडतो तो वेग. पॅकेट हरवलं की टीसीपी हात आखडता घेतं, आणि पूर्ववेग गाठायला त्याला जाण्यायेण्याच्या अनेक फेऱ्या लागतात. फेरीचा वेळ दहापट असेल, तर तेवढ्याच गळतीत पारंपरिक टीसीपीचा वेग साधारण दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून शेजारच्या केंद्राला न जाणवणारा दोष दूरच्या केंद्राचं काम अडवून धरतो.

मोजणीचाच भार नेटवर्कवर पडतो, हा आक्षेप ओवॅम्पला लागू नाही. पूर्ण वेग मोजणाऱ्या चाचणीला मात्र लागू आहे. म्हणून ती अधूनमधून, थोडाच वेळ चालवतात आणि शक्यतो वेगळ्या यंत्रावर, नाहीतर तिच्या गर्दीत ओवॅम्पचे आकडे बिघडतात. खऱ्या अडचणी पुढेच आहेत. पॅकेट घेणाऱ्या टोकाचं घड्याळ मागे पडलं, तर पॅकेट निघण्याआधीच पोचल्याचं आलेख दाखवू शकतो. सुरक्षा पाहणाऱ्यांनी फायरवॉलवर चाचणीचे पोर्ट बंद केले, तर आलेखातली रिकामी जागा बिघाडासारखीच दिसते. शिवाय शंभर केंद्रांनी एकमेकांना तपासायचं, तर ९,९०० एकेरी वाटा होतात. इतके आलेख रोज कोण पाहणार? गळती दिसली तरी ती दोन टोकांमधल्या नेमक्या कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे, हे शोधायला सगळ्यांचं सहकार्य लागतं, आणि ते सॉफ्टवेअरबरोबर येत नाही. म्हणून एजंट बसवायला निघालेल्या प्रत्येक संस्थेला विनंती आहे: आलेख कोण पाहणार आणि पलीकडे फोन कोणाला करायचा, ही दोन नावं आधी लिहून ठेवा.