चौघे कोठे गेले?

आमच्या पुतण्याने सूर्यनमस्कारांचा नाडीवरील परिणाम चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांत तपासला, व व्यायामशास्त्राच्या नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वी तो निबंध भाषाशुद्धीस्तव आमच्या हाती दिला. संमतिपत्रे, नीतिसमितीची मान्यता, सारे यथास्थित होते. पण आरंभी विद्यार्थी ४०, कोष्टकात मात्र ३६! (आम्ही संस्कृतचे मास्तर खरे, पण वजाबाकी येते.)

"काका, चौघे मध्येच सोडून गेले; ते कशास लिहावयाचे?"

"अरे, का गेले, हेच परीक्षक विचारतील!"

दोघांचे गुडघे दुखले होते. १९९६ साली निघालेली 'कॉन्सॉर्ट' नियमावली अशा प्रयोगांकडून गळतीचा हिशेब मागतेच. चौघांची नोंद कारणांसह झाली. निष्कर्षातील 'सर्वांस निर्धोक' हे शब्द त्याने स्वतःच खोडले, आणि मगच निबंध रवाना केला.